पंचासमोरचा कॅरम

नायगावच्या बीडीडी चाळीत उत्तम कॅरम खेळणारा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. मंडळाच्या खोलीत डोकावलं की एखादा तरी भेटतो, ज्याचा कट चुकत नाही, जो बेसच्या मागे पडलेली सोंगटी थंबने अलगद काढतो. पण जिल्हा अजिंक्यपदाच्या स्पर्धेत तीन-चार फेऱ्या टिकणारा त्यांच्यातला एखादाच निघतो. हात तोच असतो, सोंगट्याही त्याच असतात, आणि तरी घरी ज्याला कोणी हरवू शकत नाही तो स्पर्धेच्या पहिल्या फेरीत एखाद्या शाळकरी पोराकडून हरून परत येतो. असं का होतं, आणि स्पर्धेचा खेळाडू घडतो कसा, हा या लेखाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगतो. हा फरक मनाच्या तयारीचा आहे, आणि ती तयारी शिकवता येते. आपण ती आजवर शिकवलेली नाही.

कॅरम इथे रुजला तो जागेच्या अडचणीतून. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या ४२ नायगावात होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून जाणारा लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. घरात दोन पिढ्या आणि गावाहून आलेला एखादा चुलतभाऊ. अशा घरातला तरुण झोपेपुरताच आत असायचा. गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणीतरी मोकळं असायचंच. क्रिकेटला मैदान लागतं आणि पावसाळ्यात ते चार महिने बंद असतं. कॅरमला ७४ सेंटिमीटरचा चौरस पुरतो, वर टांगलेला एक दिवा पुरतो, आणि पाऊस कितीही पडो, खेळ चालू राहतो. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानंतर कामगार वस्त्यांमध्ये कल्याण केंद्रांचं जाळं पसरलं आणि तिथेही कॅरमचा बोर्ड हक्काने मांडला गेला. गणेशोत्सवात, शिवजयंतीला मंडळांच्या एकदिवसीय स्पर्धा होऊ लागल्या. एवढी मोठी, फुकटची आणि रोज चालणारी शाळा दुसऱ्या फार थोड्या खेळांना मिळाली असेल.

या शाळेला डाग लागला तो नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक घरांची कमाई थांबली ती कायमची. नाक्यावरच्या बोर्डाभोवती दिवसभर उभी असलेली पोरं ही मग रिकामपणाची खूण ठरली. काही ठिकाणी पैसे लावून खेळ होत होता, हेही खरंच. २०१० साली आलेल्या ‘स्ट्रायकर’ या हिंदी चित्रपटाने मालवणी वस्तीतल्या कॅरमचा हा काळा पैलू दाखवला. ‘कॅरम खेळून पोट भरतं का’ हा प्रश्न गिरणगावातल्या प्रत्येक कॅरमपटूने घरात ऐकलेला आहे, आणि मनाच्या तयारीचा विचार करताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. आपण करतोय ते वाया जाणारं आहे, असं ज्याला लहानपणापासून सांगितलं गेलं, तो निर्णायक बोर्डला बसताना ते ओझं सोबत घेऊनच बसतो.

अमेरिकेत पिनबॉल या यंत्रावरच्या खेळावर बदनामीची हीच वेळ आली होती. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली; पोलिसांनी यंत्रं घणाने फोडली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाला शहराच्या प्रतिनिधींसमोर, हा कौशल्याचा खेळ आहे हे यंत्रावर खेळून दाखवायला बोलावलं गेलं. तयारीचं यंत्र बाजूला ठेवून त्याला ऐनवेळी दुसऱ्याच यंत्रावर खेळायला लावलं. त्याने आधी सांगितलं की चेंडू मधल्या वाटेने खाली येईल, मग दांडा ओढला, आणि चेंडू तसाच आला. बंदी उठली. आज त्या खेळाला जागतिक क्रमवारी आहे. मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते हे: सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, अनोळखी यंत्रावर, एकच संधी असताना त्याचा हात थरथरला नाही. स्पर्धेचा खेळाडू म्हणतात तो हाच.

आता कॅरमकडे येऊ. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाचे नियम वाचताना वाटतं की ते सोंगट्यांविषयी आहेत. प्रत्यक्षात त्यांतला बराचसा भाग खेळाडूच्या मनाला कामाला लावतो. सामना तीन गेमचा. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (सोंगट्यांच्या एका डावालाही बोर्डच म्हणतात), जे आधी होईल ते. बाजूला पंच बसलेला. खुर्ची हलवायची नाही, उठायचं नाही, हात बाणाच्या रेषेपलीकडे न्यायचा नाही, समोरच्याशी बोलायचं नाही, आणि सोंगट्या थांबल्यापासून १५ सेकंदांत स्ट्रायकर सोडायचा.

चाळीत वाढलेल्या खेळाडूला यातलं सगळ्यात जड काय जातं, तर शांतता. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. चाळीतला खेळ आवाजात होतो. मागे उभे असलेले चौघे सल्ला देतात, टोमणे मारतात, सोंगटी गेली की ओरडतात, चुकली की त्याहून मोठ्याने ओरडतात. त्या गोंगाटात वाढलेल्या खेळाडूचं अर्धं लक्ष कायम बाहेर असतं, आणि त्यामुळेच त्याचा हात मोकळा राहतो. स्पर्धेच्या हॉलमध्ये तो आधार अचानक निघून जातो. उरतो तो फक्त स्वतःच्या डोक्यातला आवाज. ही सोंगटी गेली पाहिजे, मागच्या वेळी अशीच चुकली होती, मंडळाची पोरं बघायला आलीत. हा आवाज सुरू झाला की बोट जड होतं.

यामागचं कारण शास्त्रज्ञांनी बरंच तपासलेलं आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अनेक वर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल दडपणाखाली माणूस पुन्हा टप्प्याटप्प्याने तपासू लागतो, आणि त्या तपासण्यानेच ती बिघडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की कसलेल्या खेळाडूंना झटपट मारायला सांगितलं तर त्यांचा खेळ सुधारतो, नवशिक्यांचा मात्र घसरतो. कॅरमला हे थेट लागू पडतं असं मला वाटतं. ज्याचा हात तयार आहे त्याने १५ सेकंदांच्या नियमाला शत्रू समजू नये. विचार करायचा तो कुठली सोंगटी, कुठल्या पॉकेटला आणि नंतर काय, एवढाच. स्ट्रायकर बेसवर ठेवला की विचार संपला पाहिजे. मनगट कसं वळतं, बोट कुठे टेकतं, याचा हिशेब सामन्यात करायचाच नसतो. तो सरावात करून टाकायचा असतो.

दुसरी गोष्ट नजरेची. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकापासून खेळाडूंची नजर मोजली. निष्णात खेळाडूची शेवटची नजर एका बिंदूवर अधिक वेळ स्थिर राहते. कच्च्या खेळाडूची इकडून तिकडे उडत राहते. आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून पाहिलं तर हे दिसतं. मुरलेला खेळाडू पॉकेट एकदा पाहतो, स्ट्रायकर ठेवतो, आणि मग त्याचे डोळे सोंगटीच्या ज्या कडेवर स्ट्रायकर लागायचा आहे तिथेच थांबतात. दडपणाखालचा खेळाडू पॉकेट, राणी, समोरच्याच्या सोंगट्या, गुणफलक असा फिरत राहतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: वाट पाहणं. वरच्या पातळीवर ब्रेक, म्हणजे पहिला फटका मिळालेला खेळाडू एकाच हातात, म्हणजे एकाच पाळीत, सगळ्या पांढऱ्या सोंगट्या आणि राणी काढून बोर्ड संपवू शकतो. त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. समोरच्याने ब्रेक केल्यावर आपल्या पहिल्याच हातात सगळ्या काळ्या आणि राणी घेऊन संपवलं तर ब्लॅक स्लॅम. म्हणजे असे बोर्ड येतात की तुम्ही खुर्चीवर बसून आहात, हाताला पावडर लागलेली आहे, आणि तुमची पाळीच येत नाही. बुद्धिबळात समोरच्याच्या चालीनंतर तुमची चाल ठरलेली असते. इथे तसं काही नाही. या बसून राहण्यात अनेक सामने हरले जातात. मनातल्या मनात ‘हा चुकू दे’ असं म्हणत बसलेला खेळाडू, समोरचा खरंच चुकतो तेव्हा तयार नसतो; घाईघाईने पहिलीच दिसलेली सोंगटी मारतो. जो या वेळात बोर्ड वाचत राहतो, आपल्या कुठल्या सोंगट्या मोकळ्या आहेत, कुठली अडकली आहे, राणी घेतली तर कव्हर कुठलं, हे प्रत्येक फटक्यानंतर नव्याने मांडत राहतो, त्याला एक हात मिळाला तरी पुरतो. वाट पाहण्याचा सराव करता येतो. तो कोणीही करून घेत नाही, कारण चाळीत वाट पाहताना गप्पा मारायच्या असतात.

गुणांचं गणितही मनावर चालून येतं. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण मिळतो, आणि राणी त्याने घेतली असेल तर तिचे तीन. एका बोर्डात जास्तीत जास्त १२. पण २२ गुणांवर पोचल्यावर राणीचे गुण मिळत नाहीत. त्यामुळे २२ वर असलेला खेळाडू आणि १३ वर असलेला खेळाडू हे एकाच बोर्डवर दोन वेगळे खेळ खेळत असतात. पुढे असलेल्याला आता फक्त सोंगट्यांवर तीन गुण काढायचे आहेत. मागे असलेला राणी धरून एका बोर्डात २५ ला पोचू शकतो. इथे पुढचा माणूस सावध होतो, राखून मारतो, समोरच्याची वाट अडवण्यात रमतो आणि स्वतःचा खेळ सोडून देतो. बोर्ड रेंगाळतो. एखादा एक-दोन गुण घेऊन २३-२४ वर अडकतो आणि गेम हातातून जातो. पुढे असताना तोच वेग, तीच निवड ठेवणं हे मागून येण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे.

चूक झाल्यानंतरचे क्षण तर वेगळेच. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की हात जातो, एक सोंगटी परत बोर्डवर येते, आणि ती मोठ्या वर्तुळात कुठे ठेवायची ते प्रतिस्पर्धी ठरवतो. आपली चूक समोरचा आपल्या डोळ्यांदेखत, शांतपणे, आपल्याला सगळ्यात गैरसोयीच्या जागी मांडतो. नवख्या खेळाडूचा चेहरा तेव्हा पाहावा. पिनबॉलमध्ये चेंडू दोन फ्लिपरच्या मधून सरळ खाली जातो तेव्हा निदान यंत्रावर राग काढता येतो, तोही बेतानेच, कारण जास्त हलवलं तर यंत्र टिल्ट होऊन बंद पडतं. इथे समोर माणूस आहे आणि पंच आहे. राग गिळायला लागतो, आणि पुढच्या हातापर्यंत तो विरलेला असावा लागतो.

त्यात बोर्ड अनोळखी. घरच्या बोर्डचा कुठला कोपरा ढिला, कुठे स्ट्रायकर ओढला जातो, हे चाळीतल्या खेळाडूला पाठ असतं. मुंबईच्या दमट हवेत लाकूड आणि पावडर दोन्ही रोज वेगळं वागतात. स्पर्धेत प्रत्येक फेरीला नवा बोर्ड, आणि ओळख करून घ्यायला सरावाचे दोन बोर्ड फक्त. बहुतेक जण ते दोन बोर्ड सोंगट्या घालण्यात घालवतात. शहाणा खेळाडू रिबाउंड मारून फ्रेमची उसळी बघतो, हळू मारून पृष्ठभागाचा वेग बघतो. बोर्डला नावं ठेवत खेळणारा हरायचं कारण आधीच तयार ठेवत असतो.

मग हे सगळं शिकवायचं कोणी? महाराष्ट्राला याचं उत्तर दुसऱ्या खेळात सापडलेलं आहे. नेमबाजी हाही जागेवरून न हलता, श्वास आणि बोट यांवर चालणारा खेळ. नाशिकचे भीष्मराज बाम, निवृत्त आयपीएस अधिकारी, यांनी योगातल्या श्वसन आणि एकाग्रतेच्या पद्धती खेळाडूंच्या उपयोगी आणल्या. अंजली भागवत, राहुल द्रविड यांच्यासारख्यांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. २०१७ मध्ये ते गेले, पण त्यांची मराठी पुस्तकं आहेत आणि त्यांनी तयार केलेली दृष्टी आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. नेमबाजाला मानसशास्त्राचा सल्लागार असणं आता कोणाला चैन वाटत नाही. कॅरममध्ये तर अडचण एका पायरीने जास्तच आहे: नेमबाजाचं लक्ष्य कोणी हलवत नाही, कॅरमपटूचा बोर्ड समोरचा माणूस प्रत्येक फटक्याला बदलतो. तरी कॅरमच्या शिबिरांत कट, थंब, रिबाउंड शिकवले जातात, आणि मनाची गोष्ट आली की ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढ्यावर काम भागवलं जातं. त्या वाक्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलेलं नाही.

गुणवत्तेची उणीव आपल्याकडे नाही. अखिल भारतीय महासंघ १९५६ पासून आहे, आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला, पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये दिल्लीत झाली. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ अशी दोनदा ती जिंकली आणि १९९६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याचे योगेश परदेशी जगज्जेते झाले. मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक विजेतेपद मिळवलं. रत्नागिरीने रियाझ अकबर अली आणि आकांक्षा कदम दिले. महिलांमध्ये संगीता चांदोरकर, आयेशा मोहम्मद यांनी मुंबईचं नाव राखलं, आणि ते विशेष आहे, कारण नाक्यावरचा बोर्ड मुलींचा कधीच नव्हता. मुलगी घरात, भावंडांबरोबर, मे महिन्याच्या सुट्टीत खेळायची. शालेय स्पर्धांनी तिला बाहेर काढलं. गंमत अशी की पंच, वेळ आणि शांतता हे तिला पहिल्यापासून मिळालं, आणि मला वाटतं म्हणूनच अनेक मुली स्पर्धेच्या वातावरणाला मुलांपेक्षा लवकर सरावतात.

पुढची वाट अरुंद आहे. शाळा, जिल्हा, राज्य मानांकन स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि मग बँक, पेट्रोलियम कंपनी किंवा एखाद्या खासगी उद्योगाच्या संघात जागा, असा तो जिना आहे. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांत कॅरम नाही, त्यामुळे सरकारी मदतीच्या यादीत तो खालीच राहतो. नोकरी मिळाली तर खेळ टिकतो. नाहीतर पंचविशीत स्ट्रायकर खिशातून कपाटात जातो. ज्याचा प्रत्येक सामना नोकरीचा सामना असतो त्याला ‘निकालाचा विचार करू नकोस’ असं सांगणं सोपं आहे. म्हणून मनाच्या प्रशिक्षणाची गरज सगळ्यात जास्त याच पायरीवर आहे.

नायगावात आता चाळी पाडून म्हाडाचे उंच मनोरे उभे राहताहेत. रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, आणि ते मिळायलाच हवं होतं; १६० चौरस फुटांच्या खोलीत काढलेल्या शंभर वर्षांचं कौतुक ज्यांनी ती काढली नाहीत त्यांनीच करावं. पण पॅसेज गेला की पॅसेजमधला बोर्डही जाणार. आजवर चाळीने हात फुकटात तयार करून दिला. यापुढे हातसुद्धा ठरवूनच तयार करावा लागेल, मग त्याबरोबर मनही ठरवून का करू नये?

म्हणून नव्या इमारतींच्या सोसायट्यांना आणि मंडळांना एक विनंती. सभागृहाच्या एका कोपऱ्यात नियमाप्रमाणे दोन बोर्ड मांडा, वर नीट दिवा लावा, चार खुर्च्या ठेवा. आठवड्यातल्या एका संध्याकाळी खेळ पूर्ण शांततेत, पंच बसवून, १५ सेकंदांच्या घड्याळावर होऊ द्या, आणि पंच म्हणून चाळीतल्या जुन्या खेळाडूंनाच बोलवा. मुलींना पहिली वेळ द्या. राज्य आणि जिल्हा संघटनांनी शिबिरात श्वसन, फटक्याआधीची ठरलेली पद्धत आणि वाट पाहण्याचा सराव यांना कट आणि थंबइतकाच वेळ द्यावा. याला फार पैसा लागत नाही. या गणपतीपासून सुरुवात करता येईल.